जुन्या माझदाच्या इंधननळ्या : ठाण्यातील एक प्रकरण अभ्यास

घोडबंदर रस्त्यालगतच्या एका गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या निवृत्त अभियंत्यांची माझदा एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या छताची गाडी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये वागळे इस्टेटमधील आमच्या कार्यशाळेत आली, तेव्हा तिच्याविषयी दोन तक्रारी होत्या. गाडी फिरवून आणून उभी केली की काही वेळाने पेट्रोलचा वास येत असे, ही पहिली. इंजिन गरम असताना बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू करायला गेले की स्टार्टर नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ फिरवावा लागे, ही दुसरी. मालकांनी या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मानल्या होत्या. वासाचा संबंध नळीशी आणि उशिरा चालू होण्याचा संबंध बॅटरीशी किंवा प्लगशी असावा, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात दोन्ही तक्रारी एकाच कारणाच्या निघाल्या, फक्त ते कारण गाडीत दोन ठिकाणी होते आणि त्यातले एक ठिकाण डोळ्यांना दिसणारे नव्हते. टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या (इंजिनात पेट्रोलचा फवारा सोडणाऱ्या भागापर्यंतच्या) रबरी नळ्या हा एकच संच आहे आणि त्यातली एकच नळी बदलणे ही दुरुस्ती नव्हे, हे माझे ठाम मत या प्रकरणाने जितके स्पष्ट केले तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या गाडीने केले असेल.

गाडी १९९३ सालची आहे. एमएक्स-५ चे पहिले दर्शन फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या वाहन प्रदर्शनात झाले आणि त्या पहिल्या पिढीतल्या सुरुवातीच्या गाड्यांना १५९७ सीसीचे, चार सिलिंडरचे, इंधन इंजेक्शन असलेले इंजिन होते. ही त्यांपैकीच एक. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील नोकरी संपवून परतताना मालकांनी ती सोबत आणली. तेव्हापासून ती रविवारी सकाळी येऊरच्या पायथ्यापर्यंत किंवा गायमुखचा चढ चढून पुढे, एवढीच चालते. त्यामुळे किलोमीटर फार कमी झाले आहेत आणि मालकांना त्याचा सार्थ अभिमान आहे. रबराला मात्र किलोमीटर कळत नाहीत. ते काळाने, उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने म्हातारे होते, आणि उभ्या राहणाऱ्या गाडीत तर नळीच्या काही भागांतून पेट्रोल उतरून जाते, आतला पृष्ठभाग कोरडा पडतो, पुन्हा भिजतो, पुन्हा कोरडा पडतो. कमी चाललेली जुनी गाडी म्हणजे नळ्या चांगल्या असतील, हा समज आम्हाला वारंवार खोडून काढावा लागतो.

या गाडीत पेट्रोलचा प्रवास कसा होतो, हे आधी सांगणे आवश्यक आहे. ४५ लिटरची टाकी आसनांच्या मागे, केबिन आणि डिकी यांच्या मध्ये बसवलेली आहे. विजेवर चालणारा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तो वरच्या झाकणाला जोडलेल्या पाइपला एका आखूड रबरी नळीने जोडलेला असतो. झाकणाच्या बाहेर आल्यावर पुन्हा रबरी नळी, मग पोलादी पाइप. मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली एका पत्र्याच्या आडोशामागे फिल्टर आहे, त्याच्या दोन्ही टोकांना वळणदार साच्यातल्या रबरी नळ्या आहेत. तिथून लांब पोलादी पाइप पुढे इंजिनामागच्या पत्र्यापर्यंत जातो, आणि तिथे शेवटची रबरी नळी त्याला फ्युएल रेलशी, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या पाइपशी, जोडते. वापरून उरलेले पेट्रोल प्रेशर रेग्युलेटरमधून, म्हणजे मार्गातला दाब ठरावीक ठेवणाऱ्या झडपेतून, दुसऱ्या, म्हणजे रिटर्नच्या मार्गाने टाकीत परत येते. त्या मार्गावरही अशाच नळ्या आहेत. पुरवठ्याच्या मार्गात दाब तीन बारच्या आसपास असतो (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा). प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बॅसडरच्या कार्ब्युरेटरला (इंजेक्शनच्या आधीच्या, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला) जेमतेम पाव बार दाब पुरत असे, आणि त्या गाड्यांवर हात बसलेल्या कारागिरांच्या मनात पेट्रोलच्या नळीविषयी जो एक सैलपणा असतो, तो तिथूनच आलेला आहे. पाव बारला जी नळी आयुष्यभर टिकली असती, ती तीन बारला टिकेलच असे नाही.

वास प्रथम लक्षात आला तो संस्थेच्या सुरक्षारक्षकाच्या. त्याने मालकांना सांगितलेले वाक्य त्यांनी आम्हाला जसेच्या तसे ऐकवले : “साहेब, तुमच्या गाडीपाशी पेट्रोलचा वास मारतोय, पण खाली काही सांडलेलं दिसत नाही.” या वाक्याचा दुसरा भाग निदानाच्या दृष्टीने पहिल्यापेक्षा महत्त्वाचा होता. गळती मोठी असती तर फरशीवर डाग पडला असता. इथे नळीच्या पृष्ठभागावर आणि क्लिपच्या कडेला नुसता ओलावा येत होता आणि गरम इंजिनाच्या आवारात थेंब तयार होण्याआधीच त्याची वाफ होत होती. ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते, आणि हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ टक्के झाले तरी ठिणगीने पेट घेऊ शकते. गाडी इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये उभी असे. जवळच वीजमीटरची खोली आणि विजेवर चालणाऱ्या स्कूटर चार्ज करण्याची जागा. संस्थेच्या समितीने गाडी दुरुस्त होईपर्यंत बाहेर मोकळ्यावर उभी करायला सांगितले. मालकांना ते थोडे लागले होते, पण समितीचा निर्णय पूर्णपणे योग्य होता आणि आम्ही त्यांना तसे सांगितले.

या आधी काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये इंजिनामागची पुरवठ्याची नळी बदलून घेतली होती. तेव्हा वास गेला, आणि पावसाळा संपता संपता परत आला. त्याच्याही आधी, तिसऱ्याच ठिकाणी, टाकीतला पंप बदलला होता. दोन्ही कामांच्या बिलांवर नळीचा प्रकार लिहिलेला नव्हता. एकावर फक्त “पेट्रोल पाइप” असे होते.

थंड इंजिनावर तपासणी सुरू केली. नवी म्हणवली जाणारी नळी हाताला मऊ लागत होती, आणि क्लिपच्या अलीकडे ती स्पष्टपणे फुगलेली होती. तिच्यावर माप आणि “ऑइल, फ्युएल” एवढेच छापलेले होते. कुठल्याही मानकाचा उल्लेख नाही, बनवल्याची तारीख नाही. पेट्रोलचा हात लावून अंगठा फिरवला तर अक्षरेही पुसली गेली. क्लिप नेहमीची, पट्टीला आरपार खाचा असलेली जुबली क्लिप होती. ती सोडवली तेव्हा खाचांमधून रबर वर आलेले दिसले आणि पट्टीच्या कडेने नळीवर चाकूने ओढावी तशी एक रेघ पडलेली होती. अशी क्लिप घट्ट केली की ती रबर दाबते आणि कापतेही, शिवाय तिच्या स्क्रूच्या बाजूला दाब जास्त आणि समोरच्या बाजूला कमी पडतो. रेडिएटरच्या जाड नळीवर ते चालून जाते. आठ मिलिमीटरच्या इंधननळीवर चालत नाही.

तिच्या शेजारची रिटर्नची नळी मात्र मूळची, कारखान्यातून आलेली होती, आणि तिचा दोष नेमका उलटा होता. ती इतकी कडक झाली होती की पाइपवरून फिरवूनही निघेना. शेवटी ब्लेडने उभी चीर देऊन काढावी लागली, आणि काढलेला तुकडा वाकवताच वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा कटकन मोडला. मोडलेल्या कडेवर बाहेरच्या आवरणातून आत शिरलेल्या बारीक चिरा दिसत होत्या. त्यांपैकी काही मधल्या दोऱ्याच्या विणीपर्यंत पोचल्या होत्या. क्लिपखालच्या भागात रबराने क्लिपचाच आकार कायमचा धरला होता, म्हणजे त्यात पाइपला धरून ठेवणारी लवचीकता उरलेलीच नव्हती. पांढरा टिश्यू कागद त्या जोडाभोवती फिरवल्यावर कागदावर पिवळसर ओल आली होती, ती यामुळेच. फिल्टरच्या दोन्ही नळ्यांची अवस्था हिच्यासारखीच, फक्त वरून चिखलाचा थर असल्याने ती लपलेली.

एकाच गाडीत एक नळी मऊ होऊन फुगते आणि दुसरी कडक होऊन तडकते, हे कसे, असा प्रश्न मालकांनी विचारला. त्याचे उत्तर रबराच्या घडणीत आहे. जुन्या इंधननळ्यांचे आतले अस्तर बहुधा नायट्राइल रबराचे असते. त्यात लवचीकतेसाठी प्लॅस्टिसायझर मिसळलेले असतात. वर्षानुवर्षांच्या पेट्रोलने आणि उष्णतेने ते हळूहळू निघून जातात आणि नळी कडक होते; बाहेरून ओझोन चिरा पाडतो. याउलट, पेट्रोलसाठी न बनवलेले किंवा हलक्या प्रतीचे रबर पेट्रोल शोषून घेते, फुगते, मऊ होते आणि त्याची ताकद जाते. घोडबंदर रस्त्यावर मानपाड्यापासून कापूरबावडीपर्यंत संध्याकाळी ज्या गतीने वाहने सरकतात, त्या गतीत इंजिनाच्या आवारातली हवा बाहेर पडत नाही, आणि नंतर इंजिन बंद केले की पाण्याचा पंप आणि वारा दोन्ही थांबल्याने तिथले तापमान काही मिनिटे आणखी वाढते. नळ्यांचे खरे हाल चालत्या गाडीत होत नाहीत, उभ्या केलेल्या गरम गाडीत होतात. म्हणूनच वास गाडी उभी केल्यावर येत होता.

इथे इंधनाचाही विचार करावा लागतो. ही गाडी बनली तेव्हाच्या ब्रिटनमधल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हते. आपल्याकडे जून २०२२ मध्ये देशभरात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले, ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बेंगळुरू येथे ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या, पेट्रोलच्या विक्रीचा प्रारंभ झाला आणि २०२५ पर्यंत २० टक्के मिश्रण पंपापंपावर पोचले. इथेनॉलचा रेणू लहान आणि ध्रुवीय असल्याने तो जुन्या रबरातून अधिक सहज झिरपतो, आणि पेट्रोलमधल्या इतर घटकांच्या सोबतीने रबर फुगवतोही. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने दिलेल्या स्पष्टीकरणातही काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबराचे काही भाग आणि गास्केट बदलण्याचा सल्ला दिला जाऊ शकतो, असे म्हटले होते. तरीही सगळे खापर इथेनॉलवर फोडणे मला पटत नाही. तीस वर्षे ओलांडलेली नळी शुद्ध पेट्रोलमध्येही आज ना उद्या तडकलीच असती. इथेनॉलने एवढेच झाले की आता नळी निवडताना चूक झाली तर ती वर्षांत नव्हे, महिन्यांत उघडी पडते. काही महिन्यांपूर्वीच्या त्या नळीचे नेमके हेच झाले होते.

नळीची निवड हा या कामाचा सर्वांत नाजूक भाग, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. इंधननळ्यांसाठी एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचे जे-३० हे मानक वापरले जाते आणि त्यातल्या ‘आर’ क्रमांकावरून नळी कशासाठी आहे हे कळते. आर-६ आणि आर-७ या कार्ब्युरेटरच्या किंवा कमी दाबाच्या मार्गासाठीच्या नळ्या. त्यांची कार्यदाबाची मर्यादा सर्वसाधारणपणे ५० पीएसआय, म्हणजे साडेतीन बारच्या आत. तीन बारवर चालणाऱ्या मार्गाला ही मर्यादा कागदावर पुरेशी वाटते, पण दाबाचे चढउतार, उष्णता आणि वय लक्षात घेतले तर तिथे काहीच राखीव उरत नाही. आर-९ ही इंजेक्शनसाठीची नळी. आत फ्लुओरो रबराचे अस्तर, १०० पीएसआय दाबाची क्षमता आणि इथेनॉलला चांगला प्रतिकार. आर-१४ मध्ये वाफ झिरपू न देणारा थर असतो, पण ती मुळात कमी दाबासाठी आहे. आणि आर-१० ही टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी बनवलेली वेगळीच नळी. आर-९ चे आतले अस्तर कितीही उत्तम असले तरी तिचे बाहेरचे आवरण पेट्रोलमध्ये सतत बुडून राहण्यासाठी नसते, त्यामुळे आर-९ टाकीच्या आत वापरता येत नाही. इंजेक्शनची महागडी नळी आणली की ती सगळीकडे चालेल, असे मानणारे अनुभवी लोकही मी पाहिले आहेत.

खरेदीसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि मुंबईतली नागदेवी स्ट्रीट अशा दोन्ही ठिकाणी चौकशी केली. नागदेवीला एका दुकानदाराने अगदी सद्भावनेने हायड्रॉलिकची नळी पुढे केली. तिची दाबाची क्षमता शंभर बारच्या पुढे होती. पण ती क्षमता तेलासाठी आहे. तिचे अस्तर पेट्रोल आणि इथेनॉल यांच्या मिश्रणाला किती दिवस तोंड देईल याची हमी कोणी देत नाही, आणि दाब सोसणारी नळी आतून विरघळू लागली तर तिचे काळे कण थेट इंजेक्टरमध्ये जातात. नळीवर चकचकीत पोलादी जाळी असलेला पर्यायही मालकांना आवडला होता. जाळीखालचे रबर कधीच दिसत नाही, त्यामुळे पुढची तपासणीच अशक्य होते, आणि ती जाळी शेजारच्या पाइपला किंवा वायरला घासत राहते. म्हणून तो आम्ही नाकारला. अखेरीस मानक आणि उत्पादनाची तारीख ठळकपणे छापलेली आर-९ नळी एका आयातदाराकडून घेतली, फिल्टरच्या वळणदार नळ्या आणि टाकीतला आर-१० चा आखूड तुकडा बाहेरून मागवला. सरळ नळी फिल्टरच्या तीव्र वळणावर जबरदस्तीने वाकवली की ती आतून दुमडते आणि प्रवाह अडतो. तिथे साच्यातलीच नळी लागते. क्लिपाही बदलल्या : सलग पट्टीच्या, कडा बाहेर वळवलेल्या आणि नट-बोल्टने आवळायच्या.

मापाची एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो. बाजारात मिलिमीटर आणि इंच दोन्ही मापांच्या नळ्या शेजारी शेजारी मिळतात. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे आठच्या पाइपवर ती बिनधोक बसते. पण पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि सहाच्या पाइपवर ती सैल राहते. मग ती क्लिपने आवळून आवळून बसवली जाते आणि तिथेच सुरकुती पडून पाझर सुरू होतो. म्हणून प्रत्येक पाइपचे माप व्हर्नियरने घेतले. अंदाजाने नाही.

काम कार्यशाळेच्या दाराशी, शटर पूर्ण उघडे ठेवून केले. इंजिन चालू असताना पंपाचा वीजपुरवठा तोडला, इंजिन आपोआप बंद पडू दिले आणि त्यानंतर स्टार्टर एकदा फिरवून मार्गातला दाब उतरवला. मग डिकीत बसवलेल्या बॅटरीची वजा तार काढली. टाकीतले पेट्रोल हातपंपाने लोखंडी डब्यांत काढले आणि डबा व गाडीचा सांगाडा एका तारेने जोडून ठेवला, म्हणजे स्थितिक विजेची ठिणगी पडायला वाव राहत नाही. पेट्रोलियम कायदा, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय बाळगता येते, तेही २५ लिटरपर्यंतच्या घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यांत. मालकांना टाकी आधीच बरीच रिकामी करून आणायला सांगितले होते ते याच कारणाने. कोरड्या पावडरचा अग्निशामक हाताशी होता, पंखा बंद होता आणि प्रकाशासाठी फक्त बॅटरीवरचा एलईडी दिवा.

जुन्या नळ्या काढल्यावर पोलादी पाइपांची टोके उघडी पडली. खाडीच्या हवेत इतकी वर्षे काढलेल्या गाडीत पाइपवर गंज असणारच. सुदैवाने तो वरवरचा होता, खड्डे पडलेले नव्हते. तो बारीक पॉलिश पेपरने साफ केला, पण पेपर पाइपभोवती गोल फिरवून. पाइपच्या लांबीच्या दिशेने घासले तर उभे ओरखडे पडतात आणि दाबाखाली पेट्रोलला बाहेर यायला तीच वाट मिळते. नळ्या धारदार ब्लेडने काटकोनात कापल्या, कारण करवतीने कापले की रबराचा भुसा आत राहतो. प्रत्येक तुकड्यातून कोरडी हवा मारली. पाइपच्या टोकाला जो उंचवटा असतो त्याच्या पुरेशी पलीकडे नळी सरकवली आणि क्लिप उंचवट्याच्या मागे बसवली. क्लिप उंचवट्यावरच बसवली की ती हळूहळू घसरते. क्लिप आवळताना नळीचे रबर पट्टीच्या कडेने किंचित वर आले की थांबायचे, हा आमच्याकडचा नियम आहे. जास्त जोर लावणारा हात इथे उपयोगाचा नसतो.

बाहेरच्या सगळ्या नळ्या अशा रीतीने बदलून झाल्या. बॅटरी जोडून, इंजिन चालू न करता, इंजिनाच्या आवारातल्या तपासणी कनेक्टरमधली पंपाची आणि अर्थिंगची टोके तारेने जोडली आणि चावी फिरवून नुसता पंप चालवला. सगळे जोड कोरडे होते. वास पूर्णपणे गेला होता.

या टप्प्यावर मालकांनी विचारलेला प्रश्न रास्त होता : वास गेला आहे, तर आता टाकी कशाला उघडायची? या गाडीत टाकीतल्या पंपापर्यंत पोचायचे म्हणजे आसनांमागचा गालिचा काढून त्याखालचे पत्र्याचे झाकण सोडवायचे, आणि उघडल्यावर केबिनमध्ये दोन दिवस वास राहतो. उत्तर द्यायला आम्ही प्रेशर गेजचा आधार घेतला. फिल्टर आणि फ्युएल रेल यांच्या मध्ये गेज जोडून पंप चालवला तेव्हा दाब बरोबर तीन बारच्या जवळ आला, पण पंप थांबवताच काटा सरसर खाली येऊ लागला. पुन्हा दाब भरून, पंप थांबवतानाच रिटर्नची नवी नळी संरक्षक जबड्याच्या चिमट्याने दाबून धरली. काटा तरीही उतरला, म्हणजे रेग्युलेटर निर्दोष. मग गेजच्या अलीकडची, म्हणजे टाकीकडची पुरवठ्याची नळी दाबली आणि काटा जागच्या जागी थांबला. आमच्या मेकॅनिकने मालकांना गेज दाखवत सांगितले : “काका, बाहेर कुठे थेंब नाही आणि प्रेशर तर टिकत नाहीये. म्हणजे पेट्रोल आतल्या आत टाकीतच परत जातंय.” त्यांनी स्वतः चिमटा हातात घेऊन तीच चाचणी पुन्हा केली, आणि मग टाकी उघडायला संमती दिली. ही चाचणी जुन्या नळ्यांवर करू नये. कडक झालेली नळी चिमट्यात धरली की जागीच तडकते, आणि म्हणूनच गेज बाहेरच्या नळ्या बदलल्यानंतर जोडला होता.

पंप बाहेर काढला तेव्हा दुसऱ्या तक्रारीचे कारण हातात आले. पंप बदलताना कोणीतरी टाकीच्या आत नेहमीची इंधननळी वापरली होती. तिचे बाहेरचे आवरण पेट्रोल पिऊन फुगले होते आणि बोटाला काळे, चिकट लागत होते. वरच्या क्लिपपाशी ते आवरण सालीसारखे सुटून आले आणि खाली दोऱ्याची वीण उघडी पडली. त्याच जागी एक बारीक भेग होती. पंपाच्या तोंडाशी असलेली परत न जाऊ देणारी झडप ठणठणीत होती, पण भेग तिच्या पुढे, नळीत असल्याने झडपेचा उपयोगच नव्हता. इंजिन बंद केले की पुरवठ्याच्या मार्गातला दाब या भेगेतून टाकीत उतरून जाई, गरम पाइपमधल्या पेट्रोलचे बुडबुडे होत, आणि पुन्हा चालू करताना पंपाला आधी तो सगळा मार्ग भरावा लागे. ही गळती टाकीच्या आतच होत असल्यामुळे तिचा ना वास येत होता, ना डाग पडत होता. पंपाच्या तळाच्या जाळीवर रबराचे काळे कण जमलेले होते, आणि ही जाळी नसती तर ते पंपातून फिल्टरपर्यंत गेले असते. जाळी आणि फिल्टर दोन्ही बदलले, आर-१० नळी बसवली, झाकणाचे सील नवे घातले.

यानंतर गेजचा काटा पंप थांबल्यावरही टिकून राहिला. चाचणीची खरी फेरी संध्याकाळच्या गर्दीत काढली : वागळे इस्टेटहून घोडबंदर रस्त्याने गायमुखपर्यंत आणि परत. परत आल्यावर इंजिन बंद करून बॉनेट मुद्दाम बंदच ठेवले, पंधरा मिनिटांनी उघडून प्रत्येक जोड पांढऱ्या कागदाने पुसून पाहिला आणि मगच इंजिन चालू केले. ते पहिल्या फिरवण्यात चालू झाले. नवे रबर पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांत क्लिपखाली थोडे बसते, म्हणून पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा बोलावून क्लिपा तपासल्या. दोन क्लिपांना अर्धा आटा लागला.

काढलेल्या त्या काही महिन्यांच्या नळीचा एक तुकडा आणि नव्या आर-९ चा एक तुकडा आम्ही पंपावरच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये, काचेच्या छोट्या बरण्यांत, घट्ट झाकणाखाली बुडवून ठेवले. जुन्या तुकड्याच्या बरणीतले पेट्रोल लवकरच चहाच्या रंगाचे झाले आणि तुकडा आणखी फुगला. आर-९ चा तुकडा दोन्ही टोके बंद करून ठेवला होता. त्याच्या आवरणाने मात्र थोडे पेट्रोल शोषलेच, जे टाकीच्या आत ही नळी का चालत नाही याचे डोळ्यांदेखतचे उत्तर आहे. गाडीचे काम करून घ्यायला येणाऱ्यांना आम्ही या दोन्ही बरण्या दाखवतो, कारण दोन नळ्यांच्या दरात कित्येक पटींचा फरक का आहे हे तोंडी सांगून पटत नाही.

मालकांना दिलेल्या नोंदपत्रात प्रत्येक नळीचे ठिकाण, मानक, छापलेली तारीख आणि बसवल्याचा महिना लिहिला आहे, आणि बिलावरही तोच तपशील आहे. बाहेरच्या नळ्यांची तपासणी दरवर्षी पावसाळ्यानंतर करायची आणि दिसायला चांगल्या असल्या तरी आठ-दहा वर्षांत त्या बदलायच्या, असे ठरले आहे. नोंदपत्राची प्रत मिळाल्यावर समितीने गाडी पुन्हा स्टिल्टमध्ये उभी करायला परवानगी दिली. एक काम अजून बाकी आहे : पेट्रोल भरण्याच्या तोंडापासून टाकीपर्यंतची जाड नळी आणि तिच्या शेजारची वाफेची नळी याही मूळच्याच आहेत. त्यांवर दाब नसतो आणि आज त्या कोरड्या आहेत, पण वाकवल्यावर बाहेरच्या आवरणावर केसाएवढ्या रेघा दिसतात. त्या साच्यातल्याच लागत असल्याने मागवल्या आहेत, आणि त्या येईपर्यंत टाकी काठोकाठ न भरता पाऊण भागापर्यंतच भरावी असे मालकांना लिहून दिले आहे.